दवाखान्याचा स्कर्ट

मंगळवार, ४ नोव्हेंबर

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाली असशील, आज भाऊजींना काय झालं. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाही. तुम्ही बहिणी बोलत नाही म्हटल्यावर मी मुकाट्याने माझ्या बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. लग्न केलेल्या माणसाला दुसरी बाजू नसते. पण आता तुला कळवायला हवं, आणि कळवणारा मी एकटाच आहे.

ताईला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालंय, ते चांगलं झालं. घाबरू नकोस. हल्ली हे मी सगळ्यांना सांगतो आणि माझं तोंड बघून सगळे घाबरतात. आता केमो चालू आहे, पण सलाइनची नाही, गोळ्यांची. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, घरच्या घरी. दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा सुट्टी, मग दवाखान्यात जाऊन वजन, रक्त, डॉक्टर आणि गोळ्यांचा नवा डबा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. गोळ्या काय, आम्ही दोघं रक्तदाबाच्या घेतच होतो.

या गोळ्यांना मी उघड्या हाताने शिवायचं नाही, असं सांगितलंय. मी रबरी हातमोजे चढवून गोळ्या वाटीत टाकतो, आणि ती त्या उघड्या हाताने उचलून गिळते. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही यावर पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी कमी हसलो.

तिचे तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलले जातात. गरम पाणी सोसत नाही, बूट चालत नाहीत. मी रात्री मलम लावून सुती मोजे घालून देतो, आणि ती म्हणते, एवढ्या प्रेमाने पाय तुम्ही लग्नात सुद्धा धरले नव्हते. तिचं पडद्यांचं दुकान अजून आहे, पण कात्री धरवत नाही म्हणून बंदच असतं. तोंडाला सगळं धातूसारखं लागतं. जुलाब होतात, त्यावर वेगळी गोळी आहे.

वजन मात्र टिकून आहे, हे तुला मुद्दाम सांगतो. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, कमाल आहे तुमच्या मिसेसची. माझंही लक्ष असतं. तिचे कपडे अंगावर ढगळ झालेले नाहीत. माणूस खरंच झडला तर कपड्यांवरून आधी कळतं.

ती तुझी आठवण काढते. उत्तर लिहिलंस तर घरी पाठवू नकोस, खाली माझ्या कामाच्या जागेचा, ट्रकच्या वजनकाट्याचा पत्ता दिलाय तिथे पाठव. घरची टपालपेटी जरा बिघडलीय.

तुझे भाऊजी


रविवार, १६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. मी केबिनमध्ये बसून वाचत होतो आणि समोर भंगाराचा ट्रक काट्यावर उभा होता. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न दिला तेव्हा मी भानावर आलो.

तू एकच प्रश्न विचारलास, तोही बरोबर दुखऱ्या जागी. नाही, ताईला माहीत नाही मी तुला लिहितोय ते. टपालपेटी ठणठणीत आहे. आणि आठवण काढते म्हणालो, त्याचं खरं असं, की तुझं नाव निघालं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. आमच्या घरात दुसरी खोली एकच, म्हणून मला ते लक्षात येतं.

तेव्हा आता थापा मारत नाही. मला एकट्याला हे झेपत नाहीये.

दर सोमवारी दवाखान्यातून एका बाईंचा फोन येतो. आम्ही तिला फोनबाई म्हणतो. गोड आवाज आहे आणि प्रश्न ठरलेले: जुलाब किती, तोंड आलंय का, ताप आहे का, खाणं कसं आहे. ताई फोन स्पीकरवर ठेवते आणि टेबलाशी सरळ बसून उत्तरं देते. "जुलाब? एखाददुसरा." "तोंड? नाही हो, मस्त आहे." मी शेजारी उभा असतो. सकाळपासून मी तिला संडासापर्यंत किती वेळा धरून नेलंय ते माझं मला माहीत. पहिल्या वेळी मी तोंड उघडलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुम्ही मध्ये बोलायचं नाही. शरीर माझं आहे."

मी म्हणालो, "अगं, पण त्या त्यासाठीच तर विचारतात."

"त्या कशासाठी विचारतात ते मला माहितीये," ती म्हणाली.

कारण सुरुवातीलाच डॉक्टरांनी समजावलं होतं. जुलाब आवरले नाहीत, किंवा वजन फार उतरलं, तर गोळ्या काही दिवस थांबवू, मग मात्रा कमी करून पुन्हा सुरू करू, असं अगदी शांतपणे सांगितलं. मी सगळं वाक्य ऐकलं. ताईने त्यातला एकच शब्द ऐकला. 'थांबवू'.

तो शब्द तिला कुठे लागतो ते तुला मी सांगायला नको. तुमच्या आईच्या शेवटच्या दिवसांत तू तिथे होतीस. तू डॉक्टरांना म्हणालीस, पुरे आता, थांबवा. ताई पहाटेची गाडी पकडून पोचली तेव्हा सगळ्या नळ्या काढून टाकलेल्या होत्या. तुझं बरोबर होतं की चूक, हे मला कधीच ठरवता आलं नाही, आणि तुझ्या बहिणीसमोर मी ठरवायला गेलोही नाही. पण तेव्हापासून तिच्या लेखी थांबवणं म्हणजे मरू देणं. गोळी पोटात जातेय तोवर ती जगतेय. त्या गोळीनेच जीव जायची वेळ आली तरी ती गिळेल, असं मला वाटायला लागलंय.

म्हणून मी काय करतो, तर मोजे धुतो. मलम लावतो. बटाटा उकडून, कुस्करून, थंड करून देतो आणि ती दोन घास खाऊन म्हणते, छान झालाय. मग तोच बटाटा मी खातो. माझं वजन वाढलंय.

तुझे भाऊजी


गुरुवार, २० नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र वाचून फाडून टाक. किंवा नको, ठेव. मला काही सुचत नाहीये.

काल तपासणीचा दिवस होता. दवाखान्यात जायचा तिचा एक ठरलेला स्कर्ट आहे, गडद निळा, लोकरीचा, घोट्यापर्यंत लांब, आतून अस्तर लावलेला. तो ती मला कधी धुवायला देत नाही. हा फक्त दवाखान्याचा, म्हणते, घरी आल्यावर स्वतःच काढून कपाटात टांगते. मला वाटायचं, तिथे थंडी वाजते म्हणून असेल. तो घातला की ती पाय ओढत चालायची, आणि मी तिचा दंड धरून म्हणायचो, सावकाश, घाई नाही.

वजन झालं. नर्सबाई म्हणाल्या, जेमतेम अर्धा किलो कमी, शाब्बास. नवा डबा मिळाला. परत येताना बसमध्येच तिला आवरलं नाही. काय झालं ते लिहीत नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मी माझा कोट तिच्या मांडीवर टाकून सगळ्या जगाकडे रागाने बघत होतो. घरी येऊन ती न्हाणीत गेली आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिली. अंगात त्राण नव्हतं. स्कर्ट जमिनीवर पडला होता. मी हातमोजे घालून तो बादलीत टाकायला उचलला.

धाकटे, तो उचलेना. म्हणजे उचलला, पण शाळेतल्या पोराचं दप्तर उचलावं तसा. कोरडा होता तो बराचसा. मी दुमडीवरून हात फिरवला आणि मला सगळं कळलं.

पडद्याच्या खालच्या दुमडीत, तो वाऱ्याने उडू नये म्हणून, तुम्ही दोघी शिशाची साखळी घालायच्या, ती तुला आठवत असेल. दुकानात तिची रिळं पडलेली असतात. ती साखळी त्या स्कर्टच्या घेरात एकावर एक किती फेरे देऊन शिवलीय. कमरपट्ट्यात चपट्या चकत्या आहेत. अस्तराच्या आतही, मांडीच्या बाजूला, कप्पे करून चकत्या भरल्यात. दर तपासणीला आणखी घालत गेली असणार, कारण दोरा प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

आणि टाके बघवत नाहीत. तुझ्या ताईची तुरपाई कुणाला दिसायची नाही, एवढा तिचा हात साफ. इथे एक टाका लांब, एक तिरका, मध्येच गाठ. बोटांना सुई कळत नाही ना आता. एका जागी अस्तरावर रक्ताचे ठिपके आहेत, वाळून तपकिरी झालेले. मी केबिनमध्ये असताना ही बाई एकटी बसून हे शिवत होती.

मग मी कपाट उघडलं. तिचे रोजचे सगळे कपडे बाजूच्या शिवणीत आत घेतलेले आहेत. म्हणून ढगळ दिसत नव्हते. मी तुला मोठ्या शहाणपणाने लिहिलं होतं, कपड्यांवरून कळतं म्हणून. शिंपिणीच्या नवऱ्याने असं लिहावं, यावर तूच हस.

पण खरं हसू तर पुढे आहे. हे तिला शिकवलं मी. तीस वर्षं मी वजनकाट्यावर बसतोय आणि रोज जेवताना ट्रकवाल्यांच्या लबाड्या सांगतोय. कुणी वाळू भिजवून आणतो, कुणी भंगाराखाली दगड भरतो, कुणी पाण्याची टाकी काठोकाठ भरून काट्यावर चढतो. तिला या गोष्टी फार आवडायच्या. एकदा तिने विचारलं होतं, मग न पकडला जाणारा कोण? मी म्हणालो, जो दर वेळी सारखाच येतो तो. आम्ही गाडी बघत नाही, फरक बघतो. फरक नसला की पावती फाडून पुढे.

दवाखान्याच्या काट्यावर चढायच्या आधी ती बाटलीभर पाणीही पिते. तहान लागते म्हणते.

आणि गोळ्यांची मात्रा त्या वजनावर ठरते, धाकटे. वजनावर आणि तिच्या 'मस्त आहे'वर. जी बाई त्या काट्यावर उभी असते ती अस्तित्वातच नाही. तिच्या मापाच्या गोळ्या माझी ही एवढीशी बायको गिळतेय.

मी स्कर्ट धुतला. वाळत टाकला तर दोरी जमिनीला टेकली, म्हणून खुर्चीवर पसरला. ती न्हाणीतून बाहेर आली, तिने स्कर्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "लोकरीला गरम पाणी नाही ना वापरलंत?"

मी म्हणालो, "नाही."

आम्ही एवढंच बोललो. आता मला सांग, तू कसं म्हणाली होतीस? त्या दिवशी डॉक्टरांसमोर उभं राहून 'थांबवा' हा शब्द तुझ्या तोंडातून कसा निघाला? मी टोमणा मारत नाहीये. मला खरंच शिकायचंय.

तुझे भाऊजी


बुधवार, ३ डिसेंबर

धाकटे,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. "मला विचारू नका. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. माझ्या खांद्यावर बंदूक नको." राग आला मला. नंतर वाटलं, तुझंही खरं आहे. आठ वर्षं तू एकटी ते ओझं वाहतेस आणि मी आता त्यात आपलं गाठोडं ठेवायला आलो.

पण लिहितोच, कारण दुसरं कुणी नाही.

सोमवारी फोनबाईचा फोन आला. ताईने तोंडात बर्फाचा खडा धरून बोलायची तयारी केली होती. तोंड आतून इतकं आलंय की पाणी सुद्धा झोंबतं. तरी म्हणाली, मस्त. फोनबाई म्हणाली, तुमच्यासारखे पेशंट असले की आमचा दिवस चांगला जातो. मी दारात उभा होतो, हातात फडकं. माझ्या जिभेला काही झालेलं नाही, गोळ्या मी घेत नाही. पण शब्द निघाला नाही.

का नाही निघाला, तेही सांगतो. समज, मी बोललो आणि त्यांनी गोळ्या थांबवल्या, आणि त्या दिवसांत तो रोग पुन्हा उठला, तर? डॉक्टर म्हणतील, असं होतं कधीकधी. ते घरी जातील. मी कुठे जाऊ? आणि नाही बोललो, आणि ती अशीच झिजत गेली, तर? दोन्हीकडून मारेकरी मीच. काट्यावर मला असा प्रश्न कधी पडला नाही. तिथे आकडा येतो आणि माझं काम संपतं.

एक भित्रा उपाय मात्र करून पाहिला. ती झोपली असताना मी स्कर्टची दुमड हातभर उसवली आणि साखळीचा एक तुकडा कापून काढला. म्हटलं, दर वेळी थोडं थोडं काढू, म्हणजे वजन हळूहळू उतरताना दिसेल, नर्सबाईंनाच संशय येईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. मग दुमड शिवून टाकली. आयुष्यात बटण सोडून काही शिवलेलं नाही.

परवा बघतो तर तुकडा पुन्हा आत. माझे टाके उसवलेले, तिचे घातलेले. वर जास्तीची एक चकती, दंड म्हणून असावी. मी काल पुन्हा काढला. आज सकाळी पुन्हा जागेवर. घरात याबद्दल चकार शब्द नाही. एकाच स्कर्टच्या एकाच कोपऱ्यात आम्ही दोघं पाळीपाळीने भांडतोय, आणि कापड आता तिथे विरायला आलंय.

संध्याकाळी सूप पिताना ती म्हणाली, "तुमचा हात शिवणात नाही."

मी म्हणालो, "तुझाही राहिला नाही."

हे बोलायला नको होतं. तिने चमचा खाली ठेवला आणि आपली बोटं पालथी-उताणी करून पाहिली. मग म्हणाली, "हात गेले तरी चालतील. एवढा डबा संपू द्या. मग हवं ते बोला." मी विचारलं, मग पुढचा डबा? तिने उरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं.

मला वेड्यासारखा विचार आला की तिला आमच्या काट्यावरच उभी करावी, स्कर्टशिवाय, घरच्या कपड्यांत, आणि आकडा तिच्यासमोर धरावा. पण आमचा काटा ट्रकचा. वीस किलोखालचा फरक तो मोजतच नाही. ती एवढी झडली काय, न झडली काय, त्याला पत्ता लागणार नाही. मी केबिनमध्ये बसून यावर रडलो, धाकटे. बाहेर सिमेंटवाला पावतीसाठी थांबला होता. त्याने आत डोकावून पाहिलं आणि गुपचूप ट्रकमध्ये जाऊन बसला.

तुझे भाऊजी


शुक्रवार, १२ डिसेंबर

धाकटे,

मी बोललो.

सुट्टीचा आठवडा असूनही ताईला बुधवारपासून अंगात कणकण होती. थर्मामीटर लावू देत नव्हती. काल तपासणीला निघताना स्कर्टची काजबटणं तिला लावता येईनात, म्हणून मी लावली. म्हणजे बघ, ते शिसं तिच्या कमरेला मीच बांधलं. जिन्यात ती दोनदा थांबली. एका पायरीवर बसली आणि हसून म्हणाली, आज जरा जास्तच भरलंय. आमच्यात त्या स्कर्टबद्दल सरळ बोललेलं हे पहिलंच वाक्य.

वजनाच्या खोलीत नेहमीच्याच नर्सबाई होत्या. बूट काढा, कोट काढा, या वर. ताईने काट्यावर पाय ठेवला, आणि तो चढवताना तिला स्कर्ट दोन्ही हातांनी उचलून धरावा लागला. आकडा आला. नर्सबाई लिहायला लागल्या. लिहिताना म्हणाल्या, "छान. तसंच आहे."

मी म्हणालो, "बाई, स्कर्ट काढून वजन घ्या."

नर्सबाईंना वाटलं मी चेष्टा करतोय. मी पुन्हा म्हणालो, "स्कर्टमध्ये शिसं आहे. जुलाब थांबत नाहीत. तोंड आलंय. आत्ता तापही आहे." एवढं सगळं मी काट्याकडे बघत म्हणालो. ताईकडे मी पाहिलं नाही, त्यामुळे तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते तुला सांगू शकत नाही.

ती पडद्यामागे गेली, दवाखान्याचा झगा घालून आली, आणि स्कर्ट माझ्या हातात दिला. नीट घडी करून दिला. मग काट्यावर चढली. नर्सबाईंनी आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं भराभर झालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात. तिला तिथेच दाखल करून घेतलं, सलाइन लावलं. गोळ्या थांबवल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नवा डबा याच मात्रेत सुरू केला असता तर आम्हाला फारसं काही करता आलं नसतं. मला यावर बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, आणि थांबवल्यामुळे काही झालं तर? ते म्हणाले, ते आज सांगता येणार नाही. मी म्हणालो, मग कधी सांगता येईल? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवतात तेव्हा उत्तर नसतं, एवढं मी शिकलोय.

ताई माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असलं तर नर्सला सांगते. मी तिच्या पायांना मलम लावतो, ती पाय देते, तोंड भिंतीकडे. आता तुझ्या रांगेत मीही आलो, धाकटे. तिथे कसं राहायचं ते तुला माहीत आहे, मला नाही.

तुझे भाऊजी


रविवार, २१ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र ताई सांगतेय, मी लिहून घेतोय. तिला पेन नीट धरता येत नाही. आम्ही काल घरी आलो. ती अजून माझ्याशी बोलत नाही, पण आज दुपारी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "कागद घ्या. धाकटीला लिहायचंय." मी विचारलं, कोणत्या धाकटीला. ती म्हणाली, जिला तुम्ही काट्यावरून लिहिता तिला. तुझ्या पाकिटांवर तुझं अक्षर असतं, ती मी कोटाच्या खिशात ठेवायचो, आणि ते खिसे आजही तीच शिवते, हे आपण दोघंही विसरलो. आता तिचं म्हणणं, एक शब्द न बदलता:

"धाकटे, हे लिहिणारा माणूस माझ्या वाक्यांत आपली वाक्यं घुसडेल, तर ती सोडून वाच.

मी बरी आहे असं सांगणार नाही. ते मी पुष्कळ सांगून झालंय. ताप उतरला. तोंडातले फोड थोडे बसलेत, काल मी अंडं खाल्लं. शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलंय. कमी मात्रेत पुन्हा सुरू करायचं की थांबायचं, ते मी ठरवायचं आहे, असं ते म्हणतात. मला ठरवता येत नाही. तुझ्या भाऊजींना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघतात.

तुझ्या भाऊजींनी मला न विचारता सगळ्यांसमोर सांगून टाकलं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत आहे. तरी विचारायचं. घरी, जिन्यात, बसमध्ये, कुठेही. मी नाही म्हटल्यावर मग हवं तर सांगायचं होतं."

(इथे मी थांबलो होतो. ती म्हणाली, थांबलात का, लिहा.)

"आता तुझं. आईला तू विचारलं होतंस का? ती त्या दिवशी शुद्धीवर होती, मला नंतर तिथल्या नर्सने सांगितलं. तू थांबवलंस म्हणून मी रागावले, असं मी सगळ्यांना सांगत आले. तो राग आता मला नीट आठवतही नाही. पण हे मला तुला तेव्हाच विचारायचं होतं, आणि भीती वाटली की तू हो म्हणशील. विचारलं असशील, तर ती काय म्हणाली ते मला सांग. नसशील विचारलं, तर तेही सांग. पत्रात नको. इथे येऊन सांग. शुक्रवारच्या आत आलीस तर बरं."

एवढं झाल्यावर ती म्हणाली, सही मी करते. मी कागद तिच्यापुढे सरकवला. पेन दोनदा घसरून पडलं, ते मी उचलून दिलं. तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा मी विचारलं, "हात धरू का?"

ती म्हणाली, "नको."

मी धरला नाही.